लॉजवरून घरी आणलेली पावणी

हवालदार दारात उभा होता आणि बूट काढायला तयार नव्हता. आमच्या पेठेत कुणीही दारात आलं, मग तो वीजबिलवाला असो की मतदारयादीवाला, आत येतो, चहा घेतो, निदान पाणी तरी पितो. हा उंबऱ्याबाहेर उभा राहून माझ्या खांद्यावरून आत बघत होता. आत स्वयंपाकघरात कोलंबियाहून आलेली बाई फरशीवर मांडी घालून भाकरी थापायला शिकत होती, आणि तिची भाकरी बघून माझ्या नवऱ्याला हसू आवरत नव्हतं.

"फॉरेनर हितंच ऱ्हातीय काय?" त्यानं विचारलं.

"पावणी हाय आमची. या की आत. च्या टाकते."

"च्या नको. कवापास्नं हाय?"

माझ्या धंद्यात कुणी आकडा विचारला की आधी त्याच्या तोंडाकडे बघायचं असतं. "का वो?" मी म्हणाले. त्यानं बाईचा पासपोर्ट मागितला, मोबाइलवर त्याचे फोटो काढले आणि म्हणाला, "उद्या दोघीबी हापिसात या. साहेबांनी बोलवलंय." जाताना त्यानं आमच्या घराचाही फोटो काढला. शेजारच्या गच्चीवर माझी जाऊ कपडे वाळत घालत होती. ती खाली बघून हसली. कुणी कळवलं असेल ते मला त्या क्षणी पक्कं समजलं.

स्वयंपाकघरातलं हसणं थांबलं होतं. पिठानं माखलेले हात तसेच हवेत धरून बाईनं मला विचारलं, "पोलीस?" आमच्या दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं होतं, त्यामुळे एकमेकींचं नीट कळायचं.

"काही नाही. कागद बघायचेत," मी म्हणाले.

ती उठली, हात धुतले आणि तिच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तव्यावरची भाकरी करपली.

ही बाई कोण, ते सांगायला हवं, आणि त्याआधी मी कोण ते. मी जोतिबाच्या पायऱ्यांवर गुळाच्या वड्या विकून धंद्याला सुरुवात केली. टोपली डोक्यावर, गुलालानं सगळं अंग लाल, आणि येणाऱ्या प्रत्येक पावण्याशी घासाघीस. पुढं गुळाच्या बाजारात उतरले. तिथं व्यापारी रुमालाखाली एकमेकांच्या हाताची बोटं दाबून भाव ठरवायचे, म्हणजे तिसऱ्याला कळू नये. बाईमाणसाचा हात रुमालाखाली धरायला कुणी तयार होईना. मग मी चारचौघांत मोठ्यानं भाव बोलायला लागले आणि त्यांचे रुमाल बिनकामाचे करून टाकले. त्या दिवसांत एक गोष्ट अंगात मुरली ती आजपर्यंत आहे. पहिला आकडा खरा सांगायचा नाही. घ्यायचं असेल तर खालचा, द्यायचं असेल तर वरचा. खरा आकडा मधे कुठंतरी दोघांनी मिळून शोधायचा.

असं करत गारगोटी रस्त्याला गुळाच्या पावडरीचा छोटा कारखाना उभा केला. ही बाई एका प्रदर्शनात माझ्या टेबलाशी थांबली. तिच्या देशातही उसाच्या रसाचा गूळच करतात, नाव वेगळं. तिचा स्वतःचा कारखाना होता, तो भावाला देऊन ती बाहेर पडली होती. ती आमच्या गुऱ्हाळावर आली तेव्हा काहिलीत, म्हणजे भल्यामोठ्या कढईत, रस उकळत होता आणि आमचा गुळव्या मळी काढायला भेंडीच्या खोडाचा चिकट रस त्यात ओतत होता. ते बघून ही बाई टाळ्या वाजवायला लागली. तिच्या गावी एका झाडाची साल चिरडून असाच बुळबुळीत रस काढतात म्हणे. दोघांनी एकमेकांची भाषा न कळता तासभर गप्पा मारल्या.

तिनं माझ्या कारखान्यात पैसे घालायचं ठरवलं. वाफेवर चालणाऱ्या काहिली, धूर नाही, रस करपत नाही, पावडर एकसारखी. पहिला हप्ता बँकेतून रीतसर आला. त्यातून एक मोठी काहील घेतली आणि नव्या शेडचं काम काढलं. दुसरा हप्ता ती इथं राहायची पक्की सोय झाल्यावर देणार होती, कारण वाफेचं काम शिकवायला तिलाच दोन-तीन हंगाम इथं उभं राहायला लागणार होतं. तिचा व्यवसायाचा व्हिसा एका वर्षाचा होता. तो पुढच्या काही वर्षांसाठी वाढवून घ्यायचा, आणि तेही गळीत हंगाम सुरू व्हायच्या आत. व्हिसा वाढला तर शेड पूर्ण, नाही वाढला तर बाई परत आणि माझी अर्धी भिंत तशीच. माझा सगळा डाव त्या एका शिक्क्यावर होता.

माझे सीए म्हणाले होते, "ताई, कागद सगळे हायत. कंपनीचं पत्र, तुमची हमी, बँकेचा दाखला. आता फकस्त शांत बसा. कुठं भांडू नका."

मी कुठंच भांडले नाही. मी फक्त तिला जेवायला घरी आणलं.

ती स्टँडजवळच्या लॉजवर राहत होती. गणपतीच्या आधी एकदा तिला सोडायला गेले, तर खोलीत पावाचं पाकीट आणि केळी. मला लाज वाटली. आमच्या धंद्यात पैसे घालणारी बाई, आणि ती सणाच्या दिवसांत लॉजवर पाव खाते? उद्या माझ्या पेठेत कुणी विचारलं तर मी काय तोंड दाखवू? तिथल्या तिथं तिची बॅग उचलली. लॉजचा मॅनेजर म्हणाला, "वहिनी, ह्यांच्या नव्या पत्त्याचं तेवढं पोलिसात कळवा बरं का." मी म्हणाले, "माझ्या घरात कोण ऱ्हातंय ते मी पोलिसाला कशाला इचारू?" तो हसला, मीही हसले.

परदेशी माणूस घरात ठेवला की एका दिवसाच्या आत कळवायचं असतं, हा कायदा आहे. हॉटेलवाले कळवतात, त्यांचं कामच ते. पण घरातल्या बाईला कोण सांगणार? आपल्याकडे पावण्याला लॉजवर ठेवलं तर पेठ नावं ठेवते, आणि घरी आणलं तर सरकार.

ती आमच्याकडे आली, तिनं गौरीसमोर माझी नऊवारी नेसून फुगडी घातली, ताकातली कढी दोन-दोन वाट्या प्यायली. सरकारच्या हिशोबी मात्र ती लॉजमधून निघाली आणि पुढं कुठंच पोचली नाही.

दुसऱ्या दिवशी पोलीस कचेरीत परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या विभागात गेलो. साहेब तरुण होता, केस नीट विंचरलेले, आवाज हळू. मला हळू बोलणाऱ्या माणसाची भीती वाटते. ओरडणाऱ्याशी सौदा करता येतो. त्यानं बाईला बाहेर बाकावर बसवलं आणि मला एकटीला आत बोलावलं. समोर एक शिपाई लिहून घेत होता.

"ह्या बाई तुमच्या घरी कधीपासून आहेत?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "परवापास्नं."

मी ठरवून बोलले नाही. कुणी आकडा विचारला की माझ्या तोंडातून कमी निघतो, एवढंच. शिपायानं लिहून घेतलं. साहेबानं मान हलवली, जणू त्याला हेच उत्तर हवं होतं.

"बरं. लॉजनं ह्या गेल्याची नोंद गणपतीच्या आधीच केलीय. आता दसरा आला. मधे कुठं होत्या?"

त्यावेळी मला कळलं, कळवणारं कुणी नव्हतं. लॉजनं आपली नोंद करून टाकली होती आणि पुढचा पत्ता आला नाही म्हणून यंत्रणेनं आपोआप बोट दाखवलं होतं. जावेचा त्यात हात नव्हता. तरी मी तिच्याशी अजून बोलत नाही. तिचं दुसरंही पुष्कळ आहे.

"फिरत हुत्या," मी म्हणाले. "गडहिंग्लजला, तिकडं खाली. गुऱ्हाळं बघत."

"राज्याच्या सीमेवर? एकट्या? मुक्काम कुठं?"

"ते मला काय ठावं साहेब?"

शिपायाचा पेन चालूच होता. मी आवाज चढवला, कारण मला दुसरं काही येत नाही. "साहेब, तुमाला आमचा राग कशाचा हाय? बाई आमच्या घरात जेवली, त्यात गुन्हा कसला? तुमी आईला इचारून बघा, पावण्याला लॉजवर सोडती का ती!"

"माझ्या आईला कशाला मधे आणता?" तो तितक्याच हळू म्हणाला. "खरी तारीख सांगा."

"मधला मार्ग काढा की. तुमचं गणपतीच्या आधीचं नको, माझं परवाचं नको. नवरात्र बसल्यापास्नं धरा. दोघांचंबी भागलं."

शिपायानं लिहायचं थांबवून माझ्याकडे बघितलं. साहेबानं पहिल्यांदाच जरा हसल्यासारखं केलं.

"बाई, तारीख आहे ही. गुळाच्या ढेपेचा भाव नाही, खाली-वर करायला."

मग मला बाहेर बसवलं आणि तिला आत बोलावलं. दाराजवळून जाताना मी तिला डोळ्यांनी खुणावलं. दोन बोटं दाखवली, म्हणजे दोनच दिवस. तिनं माझ्या बोटांकडे बघितलं आणि आत गेली.

तिनं साहेबासमोर फोन उघडून ठेवला. आमच्या घरातला प्रत्येक दिवस त्यात होता. गणपती, गौरी, कढी, माझा नवरा वर्तमानपत्र वाचताना, माझी जाऊसुद्धा गच्चीवर. प्रत्येक फोटोखाली तारीख. मी दोन बोटं दाखवल्याचंही तिनं सांगितलं. हे मला साहेबानंच नंतर सांगितलं, कसलाही राग न दाखवता.

घरी पोचल्यावर स्फोट झाला.

"तुला माझ्यासारखं बोलायला काय झालं होतं?"

ती म्हणाली, "मी लहान होते तेव्हा आमच्या गावात माणसं नाहीशी व्हायची. कुणी विचारायला गेलं की ऑफिसातला माणूस म्हणायचा, हा तर इथं कधी आलाच नव्हता. जिथं मी आहे तिथं मी आहे, असं कागदावर असलं पाहिजे. नाहीतर मी कुठंच नाही."

"हे कोल्हापूर हाय!" मी मराठीतच ओरडले. "हितं कोण तुला नाहीसं करतंय?"

माझा नवरा मधे पडला. तो गारगोटीच्या शाळेत शिकवतो आणि वर्गात बोलून दमल्यामुळे घरी कमी बोलतो. "अगं, तिला भ्या वाटतंय. बघ की जरा तिच्या तोंडाकडं."

"आणि मला? मला भ्या वाटत न्हाई व्हय?"

साहेबानं तिला परत लॉजवर राहायला सांगितलं होतं. मीच बॅग नेऊन दिली. मॅनेजर या वेळी हसला नाही. त्यानं तिचा पासपोर्ट दिव्याखाली धरून पान न् पान बघितलं.

त्यानंतरचे दिवस मला आठवायला आवडत नाहीत. कारखान्यावर साध्या कपड्यांतले दोघं आले. पावडरीचं एक पोतं उघडलं, एकानं चिमूट घेऊन वास घेतला, जिभेवर ठेवली. "गोड हाय की," तो दुसऱ्याला म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर निराशा होती. कामगारांपैकी एकानं हा प्रसंग चहाच्या टपरीवर रंगवून सांगितला. आठवडी बाजारापर्यंत गोष्ट अशी झाली की माझ्याकडे कोलंबियाची नशेची पावडर सापडली. पेठेतल्या बायका माझ्याकडे बघून बोलणं थांबवायच्या. भाजीवाली, जिच्याशी मी वीस वर्षं भांडत आले, ती एक दिवस म्हणाली, "द्या तुमाला जमंल ते," आणि मान फिरवली. माझ्याशी घासाघीससुद्धा करायची नाही, एवढी मी वाईट झाले होते.

गवंडी विचारायचा, "वहिनी, भिंत वर न्यायची का थांबायचं?" मी म्हणायचे, ने वर. रोज सकाळी सीएंना फोन. ते रोज म्हणायचे, "अजून काय न्हाय." आवाजात काहीतरी लपवल्यासारखं वाटायचं. उसाला तुरे यायला लागले. शेजारच्या गुऱ्हाळाची चुलवणं हंगामासाठी लिंपून झाली.

शेवटी मी सीएंच्या ऑफिसात जाऊनच बसले. म्हणाले, "सरळ बोला."

त्यांनी दार लावून घेतलं. "ताई, न कळवल्याची चूक दंड भरून मिटलीया. तिला माफी हाय. पण तुमचा जबाब फायलीत हाय. हमी कुणाची? तुमची. ह्या बाईची जबाबदारी मी घेते, ती कुठं ऱ्हाते ते मी सांगते, असं तुमी लिहून दिलेलं. आणि तुमीच साहेबाला सांगितलं की ती सीमेवर कुठं फिरत हुती मला ठावं न्हाय. आता तुमच्या सहीला तिथं कोण इचारणार?"

"मग बाईचा व्हिसा गेला?"

ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. "बाईचा जबाब स्वच्छ हाय. तिचा व्हिसा व्हईल. दुसऱ्या कंपनीची हमी लागंल, एवढंच."

"दुसरी कुठली कंपनी?"

"गडहिंग्लजकडं एकजण पावडरीचा कारखाना काढतोय."

"त्याला तुमी सांगितलं?"

"तिनं मला इचारलं, ताई. मी माझं काम केलं."

पेपरवेट मी त्यांच्या हातातून काढून घेतला आणि टेबलावर आपटला. काच तडकली. त्यांनी ती कधी भरून मागितली नाही. मागितली असती तर मला बरं वाटलं असतं.

ती स्वतः मला सांगायला आली, हे मी मान्य करते. दिवाळी तोंडावर आली होती. नव्या शेडमध्ये, ओल्या प्लॅस्टरच्या वासात आम्ही दोघी उभ्या होतो. व्हिसा झाला होता. पुढची काही वर्षं ती इथं राहू शकणार होती, माझ्यापासून एस.टी.नं दोन-अडीच तासांवर.

मी लगेच बोलायला सुरुवात केली. हिस्सा वाढवून देते. नफ्यातला वाटा वेगळा. शेडवर तिचं नाव लावते. तिची खोली घरी तशीच आहे, पोलिसात आजच कळवते. मी आयुष्यात कधी पहिल्याच बोलण्यात इतकं वर चढले नव्हते. ती ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली, "तू मला घरी नेलंस. ते मी कधी विसरणार नाही."

"मग?"

"तू साहेबाला खोटं सांगितलंस."

"तुझ्यासाठी सांगितलं! तुझा व्हिसा वाचावा म्हणून!"

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणूनच मला भीती वाटते. तू माझ्यासाठी इतक्या सहज बोललीस. उद्या माझ्याबद्दल काय बोलशील?"

घरात घेतलेल्या माणसाला वाचवायला बोललेला शब्द खोटा असतो, हे मला कुणी शिकवलेलं नाही. साहेबानं विचारलं तेव्हा तिनं माझ्या बाजूला उभं राहायचं होतं. कागदाच्या बाजूला उभी राहिली. लोक म्हणतात माझं चुकलं. लोकांच्या भिंती अर्ध्या राहिलेल्या नाहीत.

ती पहिल्या हप्त्याबद्दल बोलली. तिनं एकच हिशोब सांगितला, सरळ, आणि पुढं काही नाही. काहील तिची, बाकी सगळं माझं. मी सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं. घासाघीस करायला समोर काही ठेवलेलंच नव्हतं.

काहील न्यायला ट्रक आला त्या दिवशी कळलं की ती शेडच्या दारातून बाहेर निघत नाही. ती आत ठेवूनच गवंड्यानं भिंत बांधून घेतली होती, आणि मीच त्याला रोज वर न्यायला सांगत होते. ड्रायव्हर म्हणाला, "मालकीणबाई, आता काय करायचं? परत जाऊ का?"

बाई ट्रकजवळ उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं असेल मी अडवणार. आणि अडवता आलं असतं. भिंत माझी, जागा माझी. महिनाभर तरी तिला तिष्ठत ठेवता आलं असतं, हंगाम तिचाही गेला असता.

मी गवंड्याला हाक मारली. "पाड," म्हणाले.

"रस्त्याकडची?"

"व्हय, रस्त्याकडची. नवी हाय, लगेच पडंल."

पहिला घाव घातल्यावर प्लॅस्टर सगळं एकदम खाली आलं. विटा अजून ओल्या होत्या. काहील दोरांवर ओढून बाहेर काढताना कामगार ओरडत होते, बाई त्यांच्याबरोबर मराठीत "सावकाश, सावकाश" म्हणत होती. ट्रक निघाला तेव्हा ती पुढं ड्रायव्हरशेजारी बसली. तिनं हात केला की नाही ते मी बघितलं नाही. मी विटा मोजत होते, किती शाबूत आहेत आणि गवंडी किती फुटल्या म्हणून सांगेल ते.

भिंतीला त्या बाजूला मोठं भगदाड आहे. हंगाम सुरू झालाय. समोरच्या रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर जातात, एकामागून एक, आणि शेडमध्ये उभं राहिलं की ते सगळे दिसतात.